लाल मगजी

साखरखेर्डा, ता. ३ जानेवारी १९२४

कोकिळा,

तुझ्या नावामागे सौ. लिहू की नको, यावर हा कागद सकाळपासून अडून राहिला. तुझ्या दादांनी तर तीन वर्षांपूर्वी तुझ्या नावाने अंघोळ केली. विधवा होऊन पुन्हा पाट लावला म्हणजे बहीण मेली, असं ते चार माणसांत बोलले, आणि मी स्वयंपाकघरात हातातली परात तशीच धरून उभी राहिले. बाहेर आले नाही. तो राग तुझ्या मनात असेल. असू दे. पण मी सौ. लिहिते. चि. सौ. कोकिळा.

कादर पिंजारी मागल्या महिन्यात घाटाखाली गाद्या भरायला गेला होता. त्याने येऊन बायकोला, गौसियेला, सांगितलं, आणि गौसियेने मला मागच्या दाराशी येऊन सांगितलं, की तुला दिवस आहेत आणि या महिन्याअखेर होशील. मोतीराम बायकोचं चांगलं पाहतो, हेही ती म्हणाली. गौसिया खोटं बोलत नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

मी तुझ्यासाठी वाकळ शिवली आहे. लहान नाही, चांगली तुला आणि बाळाला पुरेल अशी. आतले पदर माझ्या जुन्या लुगड्यांचे आहेत. मधे कादरने पिंजून दिलेला कापूस पातळ पसरला आहे. कडेला लाल पट्टीची मगजी लावली आहे. तुला बाळंतपणाला माहेरचं लाल कोणी पाठवणार नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून मगजी लालच लावायची असं ठरवलं होतं. कापड कुठून आणलं ते विचारू नको.

कादर उद्या सरकीच्या गाड्यांबरोबर निघतो. तीन कोपरे झाले, चौथा राहिला. सुई-दोरा तिथेच खोचून ठेवला आहे. तू पूर्ण कर. कसा करायचा ते सांगते, कारण तुला शिवणाचा कंटाळा होता. कोपरा एक बोट राहिला की थांब आणि गाठ मार. मग पट्टी वर उलटी कर, म्हणजे तिरपी घडी पडेल. तीच पट्टी पुन्हा खाली घेऊन दुसऱ्या कडेला लाव आणि अगदी काठापासून टाके सुरू कर. मागच्या बाजूला घडी उलट्या अंगाने घे, नाहीतर कोपऱ्याला गड्डा होतो आणि बाळाला टोचतो. घाई केली की कोपरा गोल होतो. उसवायची लाज धरू नको.

उत्तर कादरच्या घरच्या पत्त्यावर पाठव. इकडे पाठवू नको. तूच मला पाटीवर अक्षरं शिकवलीस, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मी तुझी वहिनी असून तुझा मार खाल्ला होता. तू सांगितलंस तशी पुस्तकातली भाषा लिहिते आहे. कोणाचं बोलणं आलं तर मात्र ते जसं बोलले तसंच उतरवेन.

झुंबरवहिनी


ता. ९ जानेवारी

चि. सौ. कोकिळा,

वाकळ पोचली असेल. एक सांगायचं राहिलं होतं. तिचा लाल रंग कच्चा आहे. अंगाला लागेल, बाळाला तर नकोच. तेव्हा ती अंगावर घेऊ नको. घरातही ठेवू नको. बाहेर दगडावर, कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी उलटत आठ दिवस वाळव. मग पाहू.

इकडचं म्हणशील तर गावात उंदीर पडले. पहिला मारुतीच्या देवळामागे, मग माळ्यांच्या आळीत चार, मग आपल्याच बोळात. काल बारशाच्या घरी माणसं जेवायला बसली आणि आढ्यावरून एक पानात पडला. सगळे उठले. माळ्यांची दोन माणसं गेली. गाठीचा ताप आहे, असं आता उघड बोलतात. आठ दिवसांपूर्वी कोणी बोलत नव्हतं. सरकारी माणसं येतील, घरांच्या मातीच्या धाब्याला भोकं पाडतील, कपडे जाळतील, म्हणून ज्याने त्याने लपवलं.

निम्मं गाव शेतात गेलं. तुझे दादा म्हणतात, "दाण्याचं पेव उघडं टाकून मी जाऊन राह्यलो नाई." मी रोज सकाळी उठले की आधी काखेत हात घालून पाहते, मग जांघेत. मग चूल पेटवते.

कादर अजून आला नाही. गौसिया म्हणते, त्याला तिकडे काम मिळालं असेल.

वाकळ उन्हात टाक. विसरू नको. रंग फार कच्चा आहे.

झुंबरवहिनी


मळा, ता. १२ जानेवारी

कोकिळा,

आम्ही मळ्यात आलो. कडूबाने, म्हणजे आपल्या सालदाराने, तुरीच्या काड्यांची झोपडी बांधली आहे. समोरची शालूबाई परवा गेली. ती गेल्यावरच तुझे दादा पेव सोडून निघाले.

मी तुला खोटं लिहिलं. रंग पक्का आहे. मी दोनदा धुऊन पाहिला होता.

ते कापड शालूबाईच्या सुनेच्या लुगड्याचं आहे. सून तीस तारखेला गेली. तीन दिवसांच्या तापाने गेली एवढंच शालूबाई म्हणाली. दोन तारखेला मी तिच्याकडे बसायला गेले. तिने सुनेची पेटी उघडली आणि म्हणाली, "झुंबर व, सवाष्ण गेली माही पोरगी. हे लाल तू ने. दोनदाच नेसली होती." मला महिनाभरापासून लाल हवं होतं. माझ्या घरात लाल फाडलं असतं तर तुझ्या दादांनी विचारलं असतं, कोणासाठी.

मी घडी उचलली, तर पेटीच्या कोपऱ्यात उंदीर होता. मेलेला. कोकिळा, मी तो पाहिला. शालूबाई भिंतीकडे तोंड करून रडत होती. घडीबरोबर तो जमिनीवर पडला. मी त्याला पायाने पेटीमागे सारलं आणि लुगडं काखेत घेऊन घरी आले. तेव्हा गावात उंदीर पडल्याची वार्ता नव्हती. पण मेलेला उंदीर कशाचा असतो हे मला कळत नव्हतं, असं कसं म्हणू? वऱ्हाडात वाढलेल्या बाईला कळतं. मी मनाला म्हटलं, जुना असेल, मांजराने टाकला असेल. मांजराने टाकलेला उंदीर बंद पेटीत कसा जाईल? हे मी मनाला विचारलं नाही. त्याच दिवशी पट्ट्या कापल्या आणि तीन तारखेपर्यंत तीन कोपरे केले.

ती वाकळ जाळ. हात लावू नको, काठीने उचल, मोतीरामला उचलू दे. राख घरापासून लांब टाक. ज्या जागी ती ठेवली होती ती जागा शेणाने सारव. टोचायला सरकारी डॉक्टर कुठे येत असेल तर दोघं टोचून घ्या. तू दिवसांची आहेस हे त्याला आधी सांग.

चौथा कोपरा तू केलास का? केला असशील तर ती तुझ्या मांडीवर होती.

हे पत्र तुला चार दिवसांनी मिळेल. तोपर्यंत मी काय करू?

झुंबर


मळा, ता. १५ जानेवारी

कोकिळा,

काल संक्रांत होती. मी तिळाला हात लावला नाही. तुझ्या दादांनी पाहिलं आणि विचारलं, "काऊन व, आज तोंड काऊन उतरलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कादर, गौसिया, वाकळ, शालूबाईची पेटी, उंदीर. तुझे दिवस. मार बसेल म्हणून मी झोपडीच्या मेढीला धरून बोलत होते, म्हणजे पडले तर चुलीवर पडणार नाही.

त्यांनी हात उचलला नाही. एवढंच विचारलं, "किती दिस झाले?"

"कादर निघाल्याले दहा."

"कादर कोठी हाये?"

"आला नाई अजून."

ते उठले. घोडीवर खोगीर घातलं. मी तिथेच उभी होते. कडूबाला त्यांनी बैलांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. मग घोडीवर चढले आणि बांधापर्यंत गेले. बांधावरून परत आले. घोडीवरूनच, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिचं घर गावात कोठी हाये?"

तीन वर्षं झाली कोकिळा, आणि त्यांना तुझं घर ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. कादरने सांगितलेलं मी पाठ करून ठेवलं होतं. वडनेरात शिरलं की पाराच्या उजव्या हाताला, कडुलिंबाखाली, निळ्या चौकटीचं दार. मी सांगितलं. त्यांनी एकदा ते ओठांतल्या ओठांत म्हटलं आणि गेले.

आज दुपारी गौसिया आली होती. तिची झोपडी दोन शेतं पलीकडे आहे. म्हणाली, "कादरचा कागद आला का व तुह्याकडे?" मी नाही म्हटलं. "तो तं म्हणे आठ दिसांत येतो. आता बारा होतीन." मी तिच्याशी बोलत होते आणि तिच्या तोंडाकडे पाहू शकत नव्हते. वाकळीचं गाठोडं कादरने खांद्यावर नेलं. मला इतके दिवस तुझीच भीती होती. कादरचं काल तुझे दादा "कोठी हाये" म्हणाले तेव्हा मनात आलं. त्याआधी एकदाही आलं नाही.

तिला मी काही बोलले नाही. ज्वारीची भाकर बांधून दिली.

हा कागद तुझे दादा पोचल्यावरच तुला मिळेल. तरी लिहिते. नुसतं बसवत नाही.

झुंबर


मळा, ता. २६ जानेवारी

चि. सौ. कोकिळा,

काल तुझे दादा आले. घोडी बांधाबाहेर थांबवली आणि ओरडले, "जवळ येऊ नको! दहा दिस आंब्याखाली राहीन. भाकर दगडावर ठेवत जाय." ते आंब्याखाली, मी झोपडीच्या दाराशी. मधे हरभऱ्याच्या पंचवीस ओळी. तिकडून ते ओरडून सांगत होते आणि इकडून मी ओरडून विचारत होते. आम्ही दोघं लग्नाच्या सतरा वर्षांत इतकं बोललो नव्हतो.

पहिलं त्यांनी सांगितलं, "जिती हाये." मग "पोरगी झाली." मी दारातच खाली बसले.

तुझी चिठ्ठी त्यांनी दगडाखाली ठेवली आहे. दोन दिवस उन्हात राहू देऊन मग उचल म्हणाले. म्हणून अजून वाचली नाही. त्यांनी जे सांगितलं ते लिहिते, चुकलं असेल तर कळव. चौथा कोपरा तू वाकळ पोचल्या दिवशीच केलास. पाच दिवस ती अंगावर घेतलीस. मग माझं रंगाचं पत्र आलं आणि दगडावर टाकलीस. खऱ्या गोष्टीचं पत्र आलं त्या दिवशी मोतीरामने ती काठीने कुंपणावर टाकली, पण जाळू दिली नाहीस, रडत बसलीस. तुझे दादा पोचले ते हे सगळं अंगणात ऐकत उभे राहिले. मग त्यांनीच ती नेली आणि नाल्यात जाळली.

तू बाळंत झालीस तेव्हा ते अंगणात बसले होते, हे मी खोदून खोदून विचारलं. मोतीरामने तांब्या पुढे केला तेव्हा काय केलं, तेही विचारलं. मग ओरडले, "तहान लागली होती, पेलो." एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

तेवीस तारखेपर्यंत ते तुझ्या अंगणात राहिले, कारण उन्हात टाकल्यापासून दहा दिवस मोजायचे होते. रोज सकाळी मोतीराम दारात येऊन मान हलवायचा, ताप नाही म्हणून, आणि मग ते तोंड धुवायचे. दहावा दिवस सरला तेव्हा निघाले.

आता दुसरं. तुला हे ठाऊक नसेल. कादर तुझ्याकडून निघाला, पण इकडे पोचला नाही. परतताना घाटाच्या पायथ्याशी राजूरला तुझ्या दादांनी पाणी पिताना एका ओट्यावर त्याची पिंजायची धनुकली टांगलेली पाहिली. तिच्या दांड्याला गौसियेने बांधलेली हिरवी चिंधी होती, त्यावरून ओळखली आणि सोबत आणली. त्या घरच्यांनी सांगितलं, नऊ तारखेला एक पिंजारी तापाने फणफणत आला, काखेत गाठ होती, बाराला गेला. त्यांनीच त्याला माती दिली. अनोळखी माणसाचं त्यांनी सगळं केलं.

तुला पोचवताना तो काय बोलला ते तू तुझ्या दादांना सांगितलंस, आणि दादांनी मला ओरडून सांगितलं. "माफ कर माय, घाटात थंडी लय होती, वाट सरेपर्यंत तुही वाकळ म्या अंगावर घेतली." हे ऐकल्यापासून मी जेवले नाही.

तुझे दादा म्हणाले, "गौसियेले मी सांगतो, दहा दिसानं." मी म्हटलं, नको. मी सांगते.

झुंबर


मळा, ता. ३१ जानेवारी

चि. सौ. कोकिळा,

तुझी चिठ्ठी वाचली. मुलीचं नाव माझ्यावर सोडू नको. मला ते झेपायचं नाही.

सत्तावीसला मी गौसियेकडे गेले. ती झोपडीसमोर सरकी वेचत होती. धनुकली मी नेली नाही, ती आंब्याखालीच आहे. मी आधी कादरचं सांगितलं. तिने ऐकलं आणि हातातली सरकी टोपल्यात टाकली, एक एक करून. मग ओरडली. तिचं ओरडणं ऐकून पलीकडच्या शेतातली माणसं उभी राहिली. मी तिला धरलं. तिने धरू दिलं.

तिथेच थांबता आलं असतं. गावात इतकी माणसं गेली, त्यात कादरही गेला, असंच ती समजली असती. मी परत वळलेही होते. चार पावलं गेले. मग भीती वाटली की आज गेले तर पुन्हा कधीच सांगणार नाही, आणि रोज ती माझ्याकडे येऊन बसेल. मी मागे फिरून सगळं सांगितलं.

तिचं रडणं थांबलं. तिने विचारलं, "उंदीर पाह्यला होता तू?"

"हाव."

"पेटीत?"

"पेटीत. पायानं मांगं सारला."

"मंग तुले ठावं होतं."

"भेव वाटलं होतं, गौसिया. पण मले लाल पाह्यजे होतं."

"अन् कादरच्या खांद्यावर देलं तेव्हा?"

"तेव्हा त्याचं मनातच आलं नाई."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "मले आता काऊन सांगतेस? तुले हलकं वाटावं म्हणून?"

तिने टोपलं उचललं, आत गेली आणि झोपडीचं तट्ट्याचं दार लावून घेतलं.

अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मी रोज भाकर नेऊन तिच्या दाराशी ठेवली. रोज ती तशीच पडलेली असायची, कावळे खायचे. मला वाटलं, गावात सांगेल. पंचायतीत उभी करेल. मला भीती वाटली, आणि तिने करावं असंही वाटलं. तुझे दादा आंब्याखालून सगळं पाहत होते. एकदाच बोलले, "तिनं काही केलं तरी मी आडवा येणार नाई." मी म्हटलं, येऊ नका.

आज सकाळी ती स्वतः आली. बांधावरच उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण आवाज साफ होता.

"मले राजूरले ने," म्हणाली. "त्याले जिथी पुरलं तिथी."

मी म्हटलं, "कडूबा गाडी जुंपते. पाटलाचे दहा दिस झाले की तेही सोबत..."

"पाटील नको. तू ने."

मी घाट कधी उतरले नाही, हे तिला ठाऊक आहे. मी हो म्हटलं. तिने पुढचं एका दमात सांगितलं, घरून ठरवून आल्यासारखं. तिथे ती मातीजवळ बसेल. किती दिवस, ते आता सांगणार नाही. ती उठेपर्यंत मीही तिथे बसायचं. तिच्याआधी उठायचं नाही. नंतर मी वडनेरला जायचं असेल तर जावं. ती तुझ्या दारात येणार नाही. तुझ्या मुलीवर तिचा राग नाही, पण तिचं तोंड पाहवणार नाही, असं तिने सांगितलं आणि तुला हे कळवायला सांगितलं. म्हणून कळवते.

उद्या पहाट फुटली की निघतो. कडूबाने गाडीत कडबा घातला आहे. धनुकली तुझ्या दादांनी आंब्याखालून पुढे सरकवली, ती गौसियेने उचलली आणि छातीशी धरली. चिखली, बुलढाणा, मग घाट, म्हणजे तीन दिवस तरी आम्ही दोघी एका गाडीत. मला प्लेगाची नाही वाटत आता तेवढी या गाडीची भीती वाटते. मी येईन की नाही, ते गौसियेवर आहे. वाट पाहू नको, पण दार लावूनही घेऊ नको.

ती निघाली तेव्हा मी मागून विचारलं, "गाडीत मी कोठी बसू?"

"माह्या बाजूले," ती म्हणाली. "समोर बसशीन तं तोंड पाहा लागीन."

झुंबर